इंटरलॉक ब्लॉकची एक खोली: पायापासून पत्र्यापर्यंत, क्रमाने

‘पाया झालाय, ब्लॉकही येऊन पडलेत, पण कोपऱ्यात बसत नाहीत. आता काय करू?’ शेतावर खोली, पंपघर किंवा घरामागे कोठार बांधायला घेतलेल्या माणसाकडून हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. बहुतेक वेळा ब्लॉक चांगले असतात आणि गवंडीही चांगला असतो. चुकलेला असतो तो क्रम. विटांच्या कामात आधी पाया, मग विटा असं चालतं, कारण राहिलेली तूट मसाल्यात जिरते. अर्धा इंच इकडेतिकडे झालं तर सांधा जाड-बारीक करून गवंडी भिंत ओळीत आणतो. इंटरलॉकमध्ये, म्हणजे खाच-उंचवट्याने एकमेकांत अडकणाऱ्या ब्लॉकमध्ये, जिरवायला मसाल्याचा जाड सांधाच नसतो. त्यामुळे आधी ब्लॉक ठरवायचा, मग त्याच्या मापाने नकाशा काढायचा आणि त्यानंतरच कुदळ मारायची.

हा लेख एकमजली, पत्र्याच्या छपराच्या एका खोलीपुरता आहे. वर स्लॅब टाकायचा असेल, मजला चढवायचा असेल किंवा जमीन भरावाची असेल, तर स्थापत्य अभियंत्याकडून रीतसर नकाशा घ्या. ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची परवानगी लागते का, हेही आधीच विचारून घ्या.

टप्पा १: ब्लॉक निवडा

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. सिमेंट, कच आणि फ्लायॲशचे (वीज केंद्रातल्या कोळशाच्या राखेचे) ब्लॉक बहुतेक ठिकाणी मिळतात. कोकण, गोवा, केरळ या जांभ्याच्या पट्ट्यात लाल मातीत सिमेंट मिसळून दाबयंत्रात काढलेले मातीचे ब्लॉकही मिळतात. सिमेंट ब्लॉकसाठी आयएस २१८५ आणि मातीच्या ब्लॉकसाठी आयएस १७२५ हे मानक आहे. विक्रेत्याकडे त्यानुसार केलेल्या चाचणीचा कागद मागा. मातीचा ब्लॉक काळ्या मातीचा काढून देतो असं कोणी म्हणत असेल तर तिथून निघा. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते, थोड्याशा सिमेंटने तिचा हा स्वभाव जात नाही.

यापेक्षा महत्त्वाची आहेत मापं. ब्लॉकची रुंदी लांबीच्या बरोबर निम्मी असेल (३०० बाय १५० मिमी), तर कोपऱ्यात एक थर आडवा, एक थर उभा असा तो आपसूक बसतो आणि सांधे अर्ध्या-अर्ध्याने सरकतात. ३०० बाय २०० चा ब्लॉक घेतलात तर कोपऱ्याला वेगळा तुकडा लागतो, तो कारखान्याकडे आहे का हे आधी पाहा. ‘कोपऱ्यात कटरने कापून घ्या’ असं उत्तर मिळालं तर सगळे कोपरे, सगळे थर कापत बसावं लागणार, हे समजून घ्या.

वरचा उंचवटा कसा आहे तेही पाहा. काही ब्लॉकवर लांबीभर एक सलग कणा असतो. सरळ भिंतीत तो छान बसतो, पण कोपऱ्यात वरचा ब्लॉक काटकोनात फिरला की कणा आडवा येतो. भोकांभोवती गोल किंवा चौकोनी उंचवटे असतील तर ब्लॉक कसाही फिरवता येतो. छोट्या खोलीला माझी पसंती यालाच. सळई आणि काँक्रीट घालायला आरपार भोकं हवीत, आणि दोन भोकांमधलं अंतर ब्लॉकच्या लांबीच्या निम्मं हवं, तरच वरच्या-खालच्या थरांची भोकं एका रेषेत येतात.

ऑर्डर देण्याआधीची परीक्षा. कारखान्यात ढिगाच्या वेगवेगळ्या जागांवरून दहा ब्लॉक काढा आणि सपाट फरशीवर कोरडेच एकावर एक रचा. १५० मिमीचा ब्लॉक असेल तर उंची १५०० मिमी भरायला हवी. मग दुसरे दहा रचून मोजा. दोन चळतींत ५ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर तो माल घेऊ नका. एका ब्लॉकमागे एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण अठरा थरांच्या भिंतीत तो १८ मिमी होतो, आणि एका कोपऱ्यात अधिक, दुसऱ्यात उणा पडला तर भिंत तिरकी जाते. रचलेल्या चळतीवर हात ठेवून हलवून बघा. डुगडुगत असेल तर खाच सैल आहे.

दोन ब्लॉक एकमेकांवर हलकेच आपटले की आवाज खणखणीत यायला हवा. कडेवर खिळा ओढला तर पीठ पडता कामा नये. आणि ब्लॉक कधी काढलेत हे विचारा. सिमेंट पक्कं व्हायला २८ दिवस लागतात. आठवड्यापूर्वीचा ओला माल स्वस्त मिळतो खरा, पण तो भिंतीत गेल्यावर आकसतो आणि तडे तिथे दिसतात.

टप्पा २: कागदावर एकेक ब्लॉक मांडा

सगळ्यांत जास्त माणसं अडकतात ती इथे, फूट आणि मिलिमीटरच्या घोळात. विक्रेता ‘बारा इंची ब्लॉक’ म्हणतो, पण साचा असतो ३०० मिमीचा. बारा इंच म्हणजे ३०५ मिमीला जेमतेम कमी. एका ब्लॉकमागचा हा फरक बारा ब्लॉकच्या भिंतीत जवळपास ५८ मिमी होतो. पाया १२ फुटांचा, म्हणजे ३६५८ मिमीचा बांधला आणि भिंत भरली ३६०० ची, की सव्वादोन इंचांची फट उरते. मग कोणीतरी तिथे विटेचा रोडा घालतो, आणि तडा बरोबर तिथूनच जातो. नकाशा, पाया, चौकटी, सगळं मिलिमीटरमध्येच लिहा.

उदाहरण म्हणून ३०० बाय १५० बाय १५० मिमीचा ब्लॉक धरू आणि खोली बाहेरून ३६०० बाय ३००० मिमी. आतून ती ३३०० बाय २७०० भरेल. बाहेरचं माप ३०० च्या पटीत ठेवलं की सलग भिंतीत एकही अद्धा (अर्धा ब्लॉक) लागत नाही. पहिल्या थरात लांब भिंती पूर्ण, प्रत्येकी १२ ब्लॉक, आणि आखूड भिंती त्यांच्या मध्ये, प्रत्येकी ९. दुसऱ्या थरात उलट: आखूड भिंती पूर्ण, प्रत्येकी १०, आणि लांब भिंती मध्ये, प्रत्येकी ११. दोन्ही थरांत प्रत्येकी ४२ ब्लॉक येतात. चौकटीच्या वहीत एक घर म्हणजे अर्धा ब्लॉक धरून हे दोन थर काढा. दोन थर जमले की पुढचे सगळे त्यांचीच पुनरावृत्ती असतात.

दारं-खिडक्याही ब्लॉकच्या पटीतच. दाराला ९०० मिमी म्हणजे तीन ब्लॉक रुंदी आणि १४ थर उंची. दोन खिडक्यांना ९०० रुंदी आणि आठ थर उंची, सातव्या थरापासून चौदाव्यापर्यंत. म्हणजे दार आणि खिडक्या एकाच उंचीवर संपतात आणि वरून एकच लिंटेल पट्टा (दार-खिडक्यांवरचा आडवा काँक्रीटचा पट्टा) फिरतो.

हिशोब: ४२ गुणिले १८ थर म्हणजे ७५६. त्यातून दाराचे ४२ आणि खिडक्यांचे ४८ वजा केले की ६६६. यातले सहावा, पंधरावा आणि अठरावा हे तीन थर काँक्रीटच्या पट्ट्यांचे (खिडकीखाली सिलचा, वर लिंटेलचा आणि भिंतीच्या माथ्याचा), म्हणजे यू आकाराच्या ब्लॉकचे: ३९, ४२ आणि ४२, मिळून १२३. उरले ५४३ साधे. दार-खिडक्यांच्या कडांना एकाआड एक थरात अर्धा ब्लॉक येतो, त्यामुळे सुमारे ३० अद्धे कारखान्यातूनच मागवा. फुटतुटीसाठी शेकडा पाच वाढवा.

> सावध: दाराची चौकट आधी घेऊन ठेवू नका. ७ फुटी चौकट २१३४ मिमी असते, आणि १४ थर होतात २१०० मिमी. त्यात पहिल्या थराखालचा आणि सिलच्या पट्ट्यावरचा मसाला मिळून साधारण २० मिमी वाढेल. तरीही चौकट बसणार नाही. रुंदीचंही तेच: ३ फूट म्हणजे ९१४, आणि जागा ९००. चौकट मापाने करून घ्या, चारही बाजूंनी १० मिमी सैल.

विजेची बटणं आणि बोर्ड कुठे, हेही याच कागदावर ठरवा. वायरचा पाइप ब्लॉकच्या मोकळ्या भोकातून वर जातो, त्यामुळे भिंत चढत असतानाच तो घालावा लागतो. नंतर छिन्नीने भिंत खणायची वेळ आली तर इंटरलॉक घेण्यात काही अर्थ उरला नाही. पाण्याची नळी भिंतीत नकोच, ती बाहेरून न्या. गळली तर दिसेल.

टप्पा ३: आखणी आणि पाया

चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकून दोरी बांधताना ३-४-५ ने (तीन, चार, पाच मापांच्या बाजूंच्या त्रिकोणाने) काटकोन काढा, पण त्यावर थांबू नका. दोन्ही कर्ण मोजा. आपल्या खोलीचा कर्ण ४६८६ मिमी यायला हवा, आणि दोन्ही सारखे. तीन मिलिमीटरपर्यंत फरक चालेल. गवंडी ‘गुण्याने बघितलंय’ म्हणेल. त्याचा गुण्या (काटकोनी पट्टी) दीड-दोन फुटांचा, भिंत बारा फुटांची. टेप लावाच.

पाया किती खोल, हे जमीन ठरवते. मुरूम किंवा जांभा दोन-अडीच फुटांवर लागला तर काम सोपं. मराठवाडा-विदर्भातल्या खोल काळ्या मातीत मात्र जपून. ही जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाया वर-खाली करते. इंटरलॉकची भिंत या हालचालीला विटेपेक्षा नाजूक, कारण तिचे थर मसाल्याने एकजीव झालेले नसतात. काळ्या थराच्या खाली कठीण मुरुमापर्यंत जा. तो फार खोल असेल तर खड्ड्यात मुरूम थराथराने, पाणी मारून धुमसत भरायचा की पाइल (जमिनीत खोलवर जाणारे काँक्रीटचे खांब) घ्यायचे, हे अभियंत्याला विचारा. इथे वाचवलेले पैसे पहिल्याच उन्हाळ्यात भिंतीवर भेग होऊन दिसतात.

सोलिंग (तळाचा दगडांचा थर), पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट), दगडी किंवा काँक्रीटचा पाया हे नेहमीसारखंच. सगळ्यात वर जोत्याची आरसीसी पट्टी हवी, चारही भिंतींखालून सलग. २३० बाय २३० मिमी, १२ मिमीच्या चार सळया, ८ मिमीच्या रिंगा १५० मिमीवर, एम२० प्रतीचं काँक्रीट, हे एवढ्या खोलीला सर्वसाधारणपणे पुरतं. जोतं आसपासच्या जमिनीपेक्षा किमान दीड फूट वर ठेवा.

या पट्टीचा वरचा पृष्ठभाग म्हणजे पुढच्या सगळ्या कामाचा आरसा आहे. लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) चारही कोपरे आणि प्रत्येक भिंतीचा मध्य तपासा. फरक ५ मिमीच्या आत यायला हवा. जास्त आला तर काँक्रीट ओलं आहे तोवर रंध्याने उतरवा. ‘वरून मसाल्याने बघू’ हे वाक्य इथे चालणार नाही.

टप्पा ४: उभ्या सळयांच्या जागा

सळया कुठे? चारही कोपऱ्यांत, दाराच्या दोन्ही बाजूंना, प्रत्येक खिडकीच्या दोन्ही बाजूंना, आणि सलग भिंतीत साधारण १२०० मिमीवर एक. भोकं बाहेरच्या कडेपासून ७५ मिमीवर सुरू होतात आणि मग दर १५० मिमीवर येतात. सळई याच बिंदूंवर उभी राहायला हवी. २०-२५ मिमी सरकली तर ब्लॉक तिच्यावरून उतरत नाही, आणि मग साइटवरचा कोणीतरी सळई वाकवून घेतो. वाकवलेली सळई जोर आला की सरळ व्हायला बघते आणि ब्लॉक फोडते.

दोन मार्ग आहेत. पहिला, प्लायवुडच्या पट्टीला नेमक्या अंतरावर भोकं पाडून ती पट्टी जोत्याच्या साच्यावर ठोकायची आणि सळया त्यातून उभ्या करून काँक्रीट ओतायचं. दुसरा, पट्टी आधी भरून घ्यायची, तिच्यावर पहिला थर कोरडा मांडायचा, भोकांच्या मध्यावर खुणा करायच्या आणि ड्रिल मारून केमिकल अँकरने (सळई भोकात चिकटवणाऱ्या रसायनाने) सळई बसवायची. दुसरा थोडा महाग पडतो आणि भोकातली धूळ पूर्ण फुंकून काढावी लागते, पण चूक होण्याची शक्यता कमी. गवंडी या कामाला नवीन असेल तर मी दुसराच सुचवेन.

ब्लॉकचं भोक ६० मिमीपेक्षा लहान असेल तर १० मिमीची सळई वापरा, कारण जोडाच्या जागी दोन सळया शेजारी येतात आणि काँक्रीटला वाट राहायला हवी. जोड सळईच्या जाडीच्या ५० पट: १० मिमीला ५०० मिमी, १२ मिमीला ६०० मिमी. सळई एकदम छतापर्यंत उभी करू नका. दहा-बारा किलोंचा ब्लॉक नऊ फुटी सळईच्या टोकावरून घालून खाली आणायला कोणी तयार होत नाही, आणि झालाच तर उंचवटे फोडतो. जोत्यातून जोडापुरतीच बाहेर काढा आणि पुढचे तुकडे भिंत चढेल तसे सोडा.

टप्पा ५: पहिला थर

या एका थराला अर्धा दिवस गेला तरी चालेल. किंबहुना जायलाच हवा.

आधी जोत्यावर ओल अडवणारा डीपीसीचा थर द्या. तो वाळला की दाराची जागा सोडून पहिल्या थराचे सगळे ३९ ब्लॉक मसाल्याशिवाय मांडा. सळया सगळ्या भोकांत येतात का पाहा. कर्ण पुन्हा मोजा. शेवटचा ब्लॉक बसत नसेल तर आत्ताच कळतंय, ही चांगली गोष्ट. सगळं जुळलं की बाहेरच्या कडेची रेघ खडूने जोत्यावर मारा आणि ब्लॉक उचला.

आता पहिला थर १:४ मसाल्यावर (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), साधारण १० मिमी जाडीवर बसवा. सुरुवात चार कोपऱ्यांपासून करा. कोपऱ्याचे ब्लॉक लेव्हल पाइपने एका पातळीत आणा, त्यांच्यात दोरी ताणा आणि मधले ब्लॉक दोरीला धरून घ्या. प्रत्येक ब्लॉकवर स्पिरिट लेव्हल दोन्ही दिशांनी ठेवा, लांबीत आणि रुंदीत. रुंदीतली विसरली जाते आणि भिंत आत किंवा बाहेर कलायला लागते. रबरी हातोडा वापरा, लोखंडी नको. मसाला भोकात सांडू देऊ नका.

सळई असलेल्या प्रत्येक भोकाशी, पहिल्या थरातल्या ब्लॉकच्या आतल्या बाजूला कटरने हातभर नाही, मूठभर खिडकी कापून ठेवा. भिंत चढताना आत पडलेला कचरा आणि मसाल्याचे गोळे इथून काढायचे आहेत.

> तपासा: मसाला घट्ट व्हायला एक रात्र द्या. सकाळी चारही कोपऱ्यांची पातळी परत पाहा. एखादा ब्लॉक खाली बसला असेल तर तो काढून पुन्हा बसवा. दुसऱ्या थरानंतर ही संधी नाही.

टप्पा ६: भिंत चढवणं

इथून वेग येतो, म्हणून इथेच लक्ष सुटतं.

विटा पाण्यात बुडवून घ्यायच्या ही गवंड्याची वर्षांची सवय असते. सिमेंटचे ब्लॉक असे भिजवू नयेत. भिजलेला ब्लॉक फुगतो, भिंतीत वाळताना आकसतो आणि सांध्यांत फटी दिसतात. उन्हाळ्यात फार तर वरचं अंग ओल्या फडक्याने पुसा. साइटवरची ब्लॉकची थप्पीसुद्धा जमिनीपासून उचलून ताडपत्रीखाली ठेवा.

थर कोरडे बसवायचे की सिमेंटच्या पातळ घोळावर, हे ब्लॉकवर अवलंबून आहे. कारखाना सांगेल तसं करा. घोळ असेल तर तो ब्रशने लागेल इतका पातळ हवा, थापीने लावण्याजोगा नाही. खाचेतली कच प्रत्येक वेळी ब्रशने झाडा. एक खडा अडकला तरी ब्लॉक दोन मिलिमीटर वर राहतो आणि पुढचे सगळे थर ते घेऊन चढतात.

कोपरे नेहमी दोन-तीन थर पुढे ठेवा आणि मधला भाग दोरीला धरून भरा. दर तीन थरांनी ओळंबा लावा, चारही कोपऱ्यांना आणि दार-खिडक्यांच्या कडांना. दोन वेगवेगळ्या खेपांचा माल आला असेल तर एका थरात मिसळू नका. साचा झिजला की उंची बदलते. खेपेनुसार खडूने खूण करून ठेवणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

थर थोडा खाली-वर गेलाच तर? ब्लॉक घासून एक-दीड मिलिमीटर उतरवता येतो. त्यापेक्षा जास्त असेल तर ओढाताण करू नका, पट्ट्याच्या थरापर्यंत थांबा. पट्ट्यातलं काँक्रीट भरून झालं की त्याच्यावरचा थर पुन्हा मसाल्यावर बसतो. तिथे पातळी नव्याने मिळते. सातवा आणि सोळावा थर म्हणूनच पहिल्या थराइतक्याच सावकाशीने बसवा.

टप्पा ७: भोकं भरणं आणि पट्टे

सगळी भोकं भरायची नसतात, फक्त सळयांची. बाकीची रिकामी राहू द्या.

चार थर, म्हणजे ६०० मिमी झाले की भरा. काँक्रीट १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी), खडी ६ मिमीची बारीक, आणि नेहमीपेक्षा पातळ, भोकात सरसर उतरेल असं. आधी खालच्या खिडकीतून कचरा काढा, भोकात मगभर पाणी सोडून भिंती ओल्या करा, मग खिडकी फळीने बंद करा. ओतताना १० मिमीच्या सळईने खालपर्यंत घोचत राहा. ब्लॉकच्या माथ्यापासून ४० मिमी खाली थांबा, म्हणजे पुढची खेप त्यात गुंतते. पूर्ण भिंत उभी करून वरून एकदाच ओतायचा मोह होतो. तसं केलं की काँक्रीट मध्येच अडकतं, खाली पोकळी राहते आणि बाहेरून काहीच कळत नाही.

> तपासा: काँक्रीट किती गेलं हे मोजा. ६०० मिमी उंची आणि ६० मिमी व्यासाच्या भोकात पावणेदोन लिटरच्या आसपास जायला हवं. लिटरभरात ‘भरलं’ दिसत असेल तर आत काहीतरी अडकलंय.

तीन आडवे पट्टे, सिलचा, लिंटेलचा आणि माथ्याचा, हे भिंतीचे कमरपट्टे आहेत. यू ब्लॉकच्या पन्हळीत १० मिमीच्या दोन सळया, ६ मिमीच्या कड्या १५० मिमीवर, आणि काँक्रीट. भूकंपरोधक बांधकामाचं आयएस ४३२६ हे मानक अशा पट्ट्यांवरच भर देतं. १९९३ च्या किल्लारी भूकंपात जाडजूड दगडी भिंती कोसळल्या, त्या जाडी कमी होती म्हणून नव्हे, तर दगडांना आणि कोपऱ्यांना एकत्र धरून ठेवणारं काही नव्हतं म्हणून. कोपऱ्यात सळई तोडू नका. वाकवून शेजारच्या भिंतीत किमान ५०० मिमी न्या. ‘ब्लॉक एकमेकांत अडकलेलेच आहेत, पट्टा कशाला?’ असं विचारणारे भेटतात. खाच ब्लॉकला सरकू देत नाही, पण भिंतीला उचलण्यापासून आणि उलटण्यापासून अडवत नाही.

दार-खिडक्यांवरच्या लिंटेलखाली फळी आणि टेकू १४ दिवस राहू द्या. पट्ट्यांवर ओलं गोणपाट टाकून किमान आठवडाभर पाणी मारा. सगळ्या भिंतीवर पाइपने पाण्याचा मारा करायची गरज नाही.

टप्पा ८: छप्पर

माथ्याच्या पट्ट्यात काँक्रीट ओतायच्या आधीच छपराचे बोल्ट किंवा तळपट्ट्या सळयांना बांधून जागेवर ठेवा. उभ्या सळयांची टोकंही या पट्ट्यात वाकवा, म्हणजे छप्पर पट्ट्याला, पट्टा सळईला आणि सळई जोत्याला बांधली जाते. ही साखळी कुठेही तुटली तर वारा पत्रे घेऊन जातो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरी किनाऱ्यावर घरांची छपरं उडाली, तिथल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. काँक्रीट पक्कं झाल्यावर फिशर ठोकून बसवलेला अँकर त्या जोराला पुरत नाही.

लोखंडी पाइपांचे पर्लिन (पत्रा पेलणारे आडवे पाइप), त्यावर पत्रा. स्क्रू पन्हळीच्या माथ्यावर, रबरी वॉशरसकट. खोलगट भागात मारला तर पाणी तिथूनच आत येतं. कडेच्या ओळींना स्क्रू जवळजवळ मारा, कारण वारा कडेपासूनच पत्रा उचलतो. पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून घाटावर दीड फूट आणि कोकणात दोन फूट पत्रा बाहेर काढा. त्याहून जास्त काढलात तर वाऱ्याला हात घालायला जागा मिळते.

टप्पा ९: सांधे, बाहेरचं अंग आणि पहिला पाऊस

‘गिलाव्याचा खर्च वाचतो’ ही विक्रेत्यांची आवडती ओळ. आतून बहुतांशी खरी आहे. पातळ पुट्टीवर काम भागतं. बाहेरून मात्र सांधा कोरडा आहे, आणि आडवा पाऊस खाचेतून वळणं घेत आत पोचतो. घाटावरच्या कमी पावसाच्या भागात बाहेरून दर्जा (सांध्यांच्या फटी) नीट भरून वर जलरोधक सिलिकॉन लेप दिला तरी पुरतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर पश्चिमेच्या भिंतीला तरी गिलावा कराच. मातीचे ब्लॉक असतील तर जोत्यालगतचे दोन थर सिमेंट ब्लॉकचे घ्या, खालून उडणारं पाणी सगळ्यात आधी तिथेच माती खातं.

गिलाव्याची घाई करू नका. भिंत आणि छप्पर झाल्यावर महिनाभर जाऊ द्या, जे काही बसायचं-आकसायचं ते होऊन जाऊ दे. भिंतीच्या पायथ्याशी चारही बाजूंनी दोन-अडीच फूट रुंद, बाहेर उतार असलेला कोबा करा.

पहिल्या मोठ्या पावसानंतर आतून हात फिरवून ओल कुठे आहे ते बघा. एखाद्या सांध्यातच ओल असेल तर दर्जा सुटलाय. भिंतीच्या तळाशी सलग ओलीचा पट्टा असेल तर डीपीसी किंवा कोबा चुकलाय. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी, जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांनी जाणारी भेग दिसली तर पेन्सिलने तिच्या दोन्ही टोकांना खूण करून तारीख टाका. महिन्याभरात खुणेपुढे सरकली नाही तर भरून घ्या. सरकली, किंवा तीन मिलिमीटरपेक्षा रुंद झाली, तर पाया हलतोय. तिच्यावर गिलावा मारून ती झाकण्याआधी अभियंत्याला बोलवा.